मास्क कुठला घेऊ विचारण्याआधी हवेत काय आहे ते बघा

अधूनमधून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. दादा, पेंटिंग आता आपणच करतोय, बाहेर देत नाही, एखादा चांगला मास्क सांग ना. मग मी उलटतपासणी सुरू करतो, काय मारताय, एनसी की पीयू (म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग की पॉलीयुरेथेनचा), ब्रश की गन, रंग मारायला बंदिस्त बूथ आहे का, एक्झॉस्ट चालतो का नुसताच लावून ठेवलाय, तर पुढचा वैतागतो, अरे बाबा ते सोड, तू नाव सांग, मी ऑर्डर टाकतो. आणि तिथंच सगळी गडबड आहे. तो रबराचा नाहीतर सिलिकॉनचा मास्क नुसता तोंडाला धरून ठेवतो, खरं काम करतो तो फिल्टर, आणि फिल्टर कुठला हे तुमच्या हवेत काय आहे त्यावर ठरतं. ब्रँडवर नाही, किमतीवर तर अजिबातच नाही.

मी पुण्याजवळ भोसरीला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मेंटेनन्स बघतो, छोटं युनिट असल्यामुळे सेफ्टीपण माझ्याच गळ्यात. पत्र्याच्या एकाच छताखाली एका कोपऱ्यात ग्राइंडिंग, त्याला लागून वेल्डिंग, पलीकडे ॲसिडच्या टाक्या, टोकाला पेंट बूथ आणि भिंतीकडेला दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिनं. प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी. आणि अशा शेडच्या स्टोअरमध्ये बहुतेक वेळा एकच खोका सापडतो, एन९५, सगळ्यांना तोच. कोविडमुळे एन९५ हे नाव पोराटोरांना पाठ झालं हे चांगलं झालं, पण तो घातला की सगळ्यातून सुटलो असं वाटायला लागलं, हे वाईट झालं.

तर आधी धुळीचं बघू, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. एन९५ हा अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा दर्जा, ९५ म्हणजे कमीत कमी ९५ टक्के कण अडवतो, आणि ते सुद्धा साधारण ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लोकांना वाटतं ०.३ पेक्षा बारीक कण मग आरपार जात असतील. तसं नाही. ०.३ च्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, त्याहून मोठे कण धाग्यांवर जाऊन आपटतात आणि त्याहून बारीक कण हवेत इतके वेडेवाकडे फिरतात की कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतातच, म्हणून टेस्ट मुद्दाम सगळ्यात अवघड साइजवर घेतात. शिवाय आतल्या धाग्यांवर स्थिर विजेचा चार्ज असतो, तो कण ओढून घेतो. म्हणूनच एन९५ साबणानं धुवून, सॅनिटायझर मारून परत वापरणं चूक, बाहेरून मास्क नवा कोरा दिसतो पण चार्ज गेलेला असतो.

एन म्हणजे तेलाला न टिकणारा, आर थोडा टिकणारा, पी तेलातही चालणारा. सीएनसीच्या कुलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवायला सोडतात त्या द्रवाचा, जो धुरकट तेलकट थर हवेत दिसतो तिथं एन चालत नाही, आर किंवा पी घ्या, विषय संपला. आपल्या आयएस ९४७३ या भारतीय मानकामध्ये युरोपसारखंच एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असं आहे, अनुक्रमे ८०, ९४ आणि ९९ टक्के. म्हणजे एफएफपी२ आणि एन९५ जवळजवळ एकाच रांगेतले. मास्कवर एनआर (नॉन-रीयुजेबल) लिहिलेलं असेल तर तो एका शिफ्टपुरता आहे, आठवडाभर खिशात घालून फिरायचा नाही.

साध्या एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, ग्राइंडिंगला एन९५ किंवा एफएफपी२ पुरतो. वेल्डिंगचा धूर दिसायला धूर असला तरी तोही अतिबारीक धातूचे कणच, त्यामुळे तिथंही कणांचा फिल्टर चालतो. पण आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच, त्यामुळे चलता है म्हणायची सोय आता राहिली नाही. त्यात स्टेनलेस असेल तर धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम हे कॅन्सर करणारं रूप येतं, तिथं मी एन९५ वर थांबत नाही, नाक-तोंड झाकणाऱ्या रबरी हाफ मास्कला ते चपटे गुलाबी-जांभळे पी१०० चे (पी म्हणजे तेलातही चालणारे, १०० म्हणजे जवळजवळ सगळे कण अडवणारे) गोल फिल्टर लावायला देतो, हेल्मेटच्या खाली बरोबर बसतात.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेला, पाइप वेल्ड करणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नकोच. संध्याकाळी हुडहुडी, अंग मोडून येणं, तोंडाला धातूची चव, सकाळी उठलं की बरं. हा झिंकच्या धुराचा ताप. इंग्रजीत याला मंडे मॉर्निंग फिव्हर म्हणतात, कारण सुट्टीत शरीराची सवय मोडते आणि कामावर परत आलं की पहिल्याच दिवशी दणका बसतो. आपल्याकडे एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, त्यामुळे आपला शुक्रवारचा ताप. आणि यावर आपला पिढीजात उपाय म्हणजे गूळ. गूळ वाटण्याला माझी हरकत नाही, भूक लागलेली असते, खाऊ दे, पण गूळ जातो पोटात आणि धूर जातो फुप्फुसात, या दोघांची वाटेत कुठं गाठ पडते ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. गूळ दिला की मास्कचं बघायला नको असं जे मालक लोक मनात धरून बसतात तिथं मात्र माझं डोकं फिरतं.

सिलिका, म्हणजे वाळूत आणि दगडात असते ती, हा धुळीतला सगळ्यात वाईट प्रकार. गंज काढायला जोरात वाळू मारून ब्लास्टिंग करणारे अजून आहेत, त्यांनी आधी वाळू सोडून स्टीलचे दाणे, म्हणजे ग्रिट किंवा शॉट, धरावेत, मास्कचं नंतर बोलू. आणि हल्ली फ्लॅटमध्ये ओट्याला जो आर्टिफिशियल क्वार्ट्झ बसवतात, तो कटरनं कोरडा कापताना पांढरा ढग उठतो, कापणाऱ्याच्या तोंडाला रुमाल. त्या दगडात नव्वद टक्क्यांच्या वरही सिलिका असू शकते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून तो दगड बनवणं, विकणं, बसवणं यावर बंदीच घातली, इतके तरुण कामगार सिलिकोसिसनं, म्हणजे या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारानं, गेले आणि आजारी पडले. आपल्या कामगार कायद्यातही सिलिकोसिस नोंद करायलाच लागणाऱ्या आजारांत आहे, पण ओटा बसवणारा पोरगा कुठल्या फॅक्टरीत असतो? तिथं पाणी मारत कापणं पहिलं आणि पी१०० किंवा एफएफपी३ त्याच्यानंतर.

आता पेंट बूथ. इथं एन९५ घालून उभा राहिलेला पेंटर मी इतक्या ठिकाणी बघितलाय की काय सांगू. थिनरची वाफ म्हणजे कण नाहीतच, सुटे रेणू आहेत, ते एन९५ च्या जाळीतून असे जातात की जणू काही मधे काही नाहीच. मग पेंटर तक्रार करतो, साहेब मास्क डुप्लिकेट आहे, वास येतोय. मास्क ओरिजिनल आहे रे बाबा, काम त्याचं नाही. वाफेला ॲक्टिव्हेटेड कार्बन भरलेली डबी, म्हणजे कार्ट्रिज लागतं, आणि गन मारताना रंगाचा बारीक तुषार पण उडतो, म्हणून कार्ट्रिजच्या पुढं कणांचा प्रीफिल्टर. दोन्ही. एक नाही.

कार्बन म्हणजे बहुतेक वेळा आपल्या नारळाच्या करवंटीचा कोळसा, वाफेच्या भट्टीत घालून आतून पोखरलेला. एक ग्रॅम कोळशात आतल्या सगळ्या भोकांच्या भिंती मोजल्या तर हजार चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग भरतो, म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे. थिनरचे रेणू त्या दहा गुंठ्यांत जागा पकडून बसतात. जागा भरली की नवीन आलेला रेणू सरळ तुमच्या नाकात. हे लक्षात ठेवा, कारण कार्ट्रिज कधी बदलायचं हा प्रश्न इथूनच सुटतो.

पण त्याआधी रंगांचं बघू, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथं होते. आपल्या मार्केटमध्ये अमेरिकन पद्धतीची कार्ट्रिजेस पण मिळतात आणि युरोपियन पण, आणि दोघांचे रंग जुळत नाहीत. अमेरिकन पद्धतीत थिनरसारख्या सॉल्व्हंटच्या वाफेला काळा पट्टा, ॲसिड गॅसला पांढरा, दोन्ही एकत्र असेल तर पिवळा, अमोनियाला हिरवा. थ्रीएम कंपनीचं बघायचं तर ६००१ काळं, ६००२ पांढरं, ६००३ पिवळं, ६००४ हिरवं. युरोपात सॉल्व्हंटला ए आणि रंग तपकिरी, क्लोरीनसारख्या वायूंना बी आणि राखाडी, सल्फर डायऑक्साइड आणि ॲसिड गॅसला ई आणि पिवळा, अमोनियाला के आणि हिरवा, आणि पांढरा म्हणजे नुसता कणांचा. आता बघा गंमत. पेंटरनं सांगितलं मागच्या वेळचं पिवळं द्या, स्टोअरवाल्यानं दुसऱ्या दुकानातून पिवळं आणलं, ते निघालं युरोपियन ई, थिनरला त्याचा काडीचा उपयोग नाही. पांढऱ्याचं तर त्याहून वाईट, एकीकडे ॲसिड, दुसरीकडे धूळ. हिरवा तेवढा दोन्हीकडे अमोनिया, कोल्ड स्टोरेजवाल्यांचं नशीब. म्हणून रंगावर जाऊ नका, लेबलवरची अक्षरं वाचा. ए२पी३ लिहिलंय म्हणजे सॉल्व्हंट, मधल्या क्षमतेचं, वर सगळ्यात कडक कणांचा फिल्टर. एबीईके१ म्हणजे चारी प्रकार पण कमी क्षमतेचे, आणि चारी आहेत म्हणून ते भारी असं काही नसतं, तुमच्याकडे फक्त थिनर असेल तर ए२ जास्त टिकेल.

आमच्या डीरस्टिंगच्या, म्हणजे गंज काढायच्या, टाकीला, जिथं हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, तिथं ॲसिड गॅसचं लागतं, पण खरं सांगायचं तर टाकीच्या काठाला नीट सक्शन आणि वर झाकण असेल तर निम्मं काम तिथंच होतं.

आता बदलायचं कधी. सगळ्यांचं ठरलेलं उत्तर, वास आला की बदलतो. हे उत्तर बरोबर नाही. एक तर दिवसभर थिनरमध्ये उभ्या असलेल्या माणसाचं नाक मेलेलं असतं. दुसरं, काही गोष्टींना वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. ओशा ही अमेरिकेची कामगार सुरक्षेची सरकारी संस्था, तिच्याकडे एक ढोबळ नियम आहे, ज्या द्रवाचा उत्कलनबिंदू ७० अंशांच्या वर आणि हवेत प्रमाण २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भागांच्या) आत, तिथं साधारण कामाच्या वेगात कार्ट्रिज आठ तास जाईल असं धरा. थिनरमधलं टोल्युइन १११ ला उकळतं, झायलीन १४० च्या आसपास, ही बसतात नियमात. ॲसिटोन ५६ ला उकळतं, मेथॅनॉल ६५ ला, ही बसत नाहीत, ती कोळशात धड थांबतच नाहीत, आणि स्वस्त थिनरच्या डब्यात नेमकं काय काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. त्याच नियमात पुढं आहे की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की आयुष्य निम्मं धरा, कारण पाण्याची वाफ पण त्याच जागेवर येऊन बसते. जुलैमध्ये भोसरीत काय आणि कोकणात महाडला, लोट्याला काय, ८५ ही काय मोठी गोष्ट आहे? चार महिने निम्मं आयुष्य. माणूस जोरात काम करत असेल, श्वास दुप्पट घेत असेल, तर अजून निम्मं.

हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एका शेडमध्ये मी बघितलेला मास्क. पेंट बूथच्या आतच खिळ्याला टांगलेला. प्रीफिल्टरवर निळ्या रंगाची साय धरलेली, नखानं खरवडली तर पापुद्रा निघत होता, पट्टा सैल पडलेला म्हणून त्याला सुतळी बांधलेली. पेंटर घरी गेला तरी तो मास्क रात्रभर ड्यूटीवर, बूथमधला थिनर आत ओढतोय. शिवाय कोळशात पकडलेली हलकी सॉल्व्हंटं रात्रीतून आतल्या आत सरकत आतल्या बाजूला येतात, म्हणजे सकाळी मास्क लावल्यावर पहिला श्वासच थिनरचा. आमच्याकडे आता कार्ट्रिज उघडलं की मार्करनं तारीख आणि वेळ टाकतो, शिफ्ट संपली की पुसून झिपवाल्या जाड पिशवीत, पिशवी बूथच्या बाहेर कपाटात. गनवर रोज काम असेल तर शिफ्टला एक जोडी, पावसाळ्यात जेवणाच्या सुट्टीत बदल. खर्च होतो. मालकाशी वाद झाला, अजूनही होतो. प्रीफिल्टर वेगळा आणि स्वस्त असतो, तो श्वास जड झाला की लगेच बदलायचा, त्यात कंजूषी करून कार्ट्रिजच्या तोंडावर रंग जमू देण्यात काय शहाणपण आहे.

आणि पीयू. टू-के पेंट, बेस आणि हार्डनर, मिक्स करून मारायचा, चकाचक फिनिश येतं म्हणून सगळ्यांना हवं असतं. त्या हार्डनरच्या डब्यात आयसोसायनेट असतं. याला धोक्याची सूचना देणारा वास नाही. एकदा का शरीर त्याच्यावर उठलं, म्हणजे ॲलर्जी बसली, की मग अगदी किंचित जरी गेलं तरी दम्याचा झटका, आणि तो माणूस परत त्या कामाला उभा राहू शकत नाही. फसवं असं की त्रास बऱ्याचदा संध्याकाळी नाहीतर रात्री घरी गेल्यावर होतो, छातीत घरघर, खोकला, आणि बायको म्हणते एसटीत धूळ लागली असेल. ब्रिटनचं एचएसई, म्हणजे तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था, स्पष्ट सांगतं की आयसोसायनेटचा रंग गननं मारताना कार्ट्रिजवर भागवू नका, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क किंवा व्हायझर (चेहऱ्यापुढची पारदर्शक काच) वापरा, आणि गन बंद केल्यावरही बूथमधला तुषार डोळ्यांना दिसत नाही पण असतो, त्यामुळे बूथची हवा साफ होईपर्यंत व्हायझर वर करू नका. आपले पेंटर नेमकं काय करतात, शेवटचा कोट झाला की मास्क कपाळावर, आणि वाकून वाकून फिनिश बघतात.

आता कुणीतरी म्हणेल, हवा काय, कॉम्प्रेसर आहे की, पाइप जोडू. नको. शॉपच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं, पाणी असतं, आणि कॉम्प्रेसर तापला किंवा त्याचा सक्शन जनरेटरच्या धुराजवळ असला तर कार्बन मोनॉक्साइड पण येतो. श्वासासाठीची फिल्टर पॅनेल वेगळी येतात, मोनॉक्साइडचा अलार्मवाली, ती लावून मगच. हे सगळं जमतच नसेल तर टू-के बाहेर बूथवाल्याकडून करून घ्या, किंवा पावडर कोटिंग होतंय का बघा. पावडरला निदान कणांच्या चांगल्या फिल्टरवर भागतं.

फिटिंगचं थोडक्यात सांगतो. हाफ मास्क कितीही भारी फिल्टर लावला तरी आत येणारी घाण बाहेरच्या दहाव्या हिश्श्यावर आणेल एवढंच धरायचं, आणि तेही चेहऱ्याला गच्च बसला तर. दाढीवर बसत नाही. दोन दिवसांच्या खुंटावरही नाही. मास्क लावला की दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटून तसाच राहिला पाहिजे, मग उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हवर तळवा ठेवून हळू फुंकायचं, कडेनं हवा सुटता कामा नये. दर वेळी. साइज पण असतात, स्मॉल, मीडियम, लार्ज, आणि बारीक चणीच्या पोराला लार्ज देऊन पट्टे करकचून आवळले तरी नाकापाशी फट राहतेच. नीट फिट टेस्ट करायची असेल तर डोक्यावर पारदर्शक टोपरं घालून त्यात कडू औषध फवारतात, बिट्रेक्स, तोंड कडू झालं तर मास्क गळतोय. आमच्याकडे पहिल्यांदा केली तेव्हा सगळ्यात जास्त खात्रीनं बोलणारे जे होते त्यांचीच तोंडं आधी वाकडी झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले दोघं गुळगुळीत दाढी करून आले, त्याआधी मी वर्षभर ओरडत होतो.

आता एक गोष्ट अशी की जिथं कुठलाच फिल्टर चालत नाही. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर जगातला सगळ्यात महाग कार्ट्रिज लावून पण माणूस आडवा होतो. बंद टाकी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटचा) खड्डा, ड्रेनेजचं चेंबर, आणि आमच्या धंद्यातलं म्हणजे स्टेनलेसच्या टाकीत आर्गॉन सोडून केलेलं वेल्डिंग. आर्गॉन हवेपेक्षा जड, तळाशी साठतो, वास नाही, रंग नाही, आणि आत वाकलेला वेल्डर काही कळायच्या आत बेशुद्ध. खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस आणखी खाली उतरतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात येतात त्या बातम्या बहुतेक वेळा अशाच असतात, एका चेंबरमध्ये तिघं, चौघं. तिथं आधी गॅस मीटर, ब्लोअर, वरती दोर धरलेला माणूस, आणि आत जायचंच असेल तर सिलिंडरचा किंवा बाहेरून हवेचा सेट. सुरक्षेची साधनं न देता गटार साफ करायला माणूस उतरवण्यावर तर २०१३ च्या कायद्यानं बंदीच आहे. मास्क देतो की साहेब, असं म्हणून कुणी कार्ट्रिज मागायला आला तर मी देत नाही. भांडण झालं तरी देत नाही.

मग एवढं सगळं कळणार कसं, प्रत्येकानं केमिस्ट्री शिकायची का? नाही. पेंटवाल्याकडून, केमिकलवाल्याकडून एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, मागा, सोळा भागांचा कागद असतो. तिसऱ्या भागात आत काय काय आहे ते, आठव्या भागात श्वासासाठी काय वापरायचं ते, नवव्या भागात उत्कलनबिंदू. नामांकित कंपन्यांचा नेटवर मिळतो. खुल्या डब्यातल्या थिनरवाल्याकडे मागितलात तर तो तुमच्याकडे बघतच राहील, आणि तेवढ्यावरून काय ते समजून जा.

घेताना खोटा माल खूप आहे. नायॉशचा खरा मास्क असेल तर त्यावर टीसी-८४ए असा सुरू होणारा नंबर छापलेला असतो, पट्टे डोक्यामागून जातात. कानात अडकवायची नाडी आणि वर एन९५ असा शिक्का, तर बहुतेक करून गंडवलंय. भारतीय मास्कवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ९४७३ बघा. कार्ट्रिजचं पाकीट सीलबंद पाहिजे, एक्सपायरी बघून घ्या, सुटं कार्ट्रिज कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नका, ते कपाटात पडल्या पडल्या हवेतलं पीत बसलेलं असतं. मास्क एका कंपनीचा आणि कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीचं, सेलोटेप मारून बसवलेलं, हेही बघितलंय, तसं करू नका.

आणि पर्चेसला मागणी पाठवताना 'मास्क, १० नग' एवढंच लिहून पाठवायचं बंद करा. काम काय, केमिकल काय, कुठल्या मास्कला बसणारं, फिल्टरची अक्षरं कुठली, साइज कुठली, शिफ्टला किती लागणार, हे सगळं इंडेंटमध्ये लिहा आणि एसडीएसची झेरॉक्स मागे जोडा. पहिल्या वेळी तो फोन करून विचारेल हे काय नवीन, दुसऱ्या वेळी विचारणार नाही.